पाळणाघरातली खेळायची खोली: आधी रिकामी करा, मग मांडा

घरच्या घरी पाळणाघर चालवणारे बरेचजण खेळायच्या खोलीची सुरुवात खरेदीने करतात. रंगीत रॅक येतो, झाकणाचे डबे येतात, भिंतीभर प्राणी आणि आकडे चिकटतात. पंधरा दिवसांत सगळी खेळणी खोलीच्या मधोमध ढिगात पडलेली असतात, मुलं त्या ढिगावरून चालत असतात आणि आपण दिवसातून सहा वेळा वाकून तेच उचलत असतो. मग वाटतं डबे कमी पडले, म्हणून आणखी डबे येतात. मीही पहिल्या वर्षी हेच केलं.

इथे दिलेला क्रम उलटा आहे. खरेदी असलीच तर ती पाचव्या टप्प्यात, आणि तिथे पोचेपर्यंत निम्म्या वस्तूंची गरजच नाही हे कळलेलं असतं. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: ही वस्तू दोन वर्षांच्या मुलाला एकट्याने परत जागेवर ठेवता येईल का? काढणं कोणालाही जमतं. मांडणी परत ठेवण्यासाठी करायची असते.

तयारी: तीन दिवस नुसतं बघा

खोलीतलं काहीही हलवण्याआधी तीन दिवस कागद-पेन्सिल जवळ ठेवा. खोलीचा ढोबळ नकाशा काढा: दार, खिडकी, प्लग, जड फर्निचर. त्यावर दिवसभर खुणा करा. भांडण झालं तिथे फुली. मूल धावत जाऊन आपटलं तिथे बाण. कोणी एकटं जाऊन बसलं तिथे गोल. 'अरे, पडशील!' म्हणत तुम्हाला उठावं लागलं तिथे ठिपका.

तिसऱ्या दिवसापर्यंत नकाशा बोलायला लागतो. माझ्या नकाशावर नऊपैकी सहा फुल्या दारापासून दोन पावलांवर होत्या. ठोकळ्यांची टोपली तिथे होती, कारण येता-जाता तिथे ठेवून देणं मला सोयीचं पडायचं. आत येणारा प्रत्येकजण कोणाचा ना कोणाचा मनोरा पाडत होता, आणि मी 'भांडू नका रे' म्हणत बसले होते. टोपली पलीकडच्या कोपऱ्यात गेली आणि माझं बोलणं निम्म्यावर आलं.

याच दिवसांत आणखी दोन गोष्टी उरकून घ्या. एक, मुलांची वयं लिहून काढा: किती रांगणारी, किती नुकती चालायला लागलेली, किती तीनच्या पुढची. घरच्या पाळणाघरात सगळी एकाच खोलीत असतात. सुरक्षा सगळ्यांत धाकट्याच्या हिशेबाने ठरते, खेळ मात्र सगळ्यांचा विचार करून. दोन, जमिनीवर उताणे झोपा. खरंच झोपा, हवं तर दार लावून घ्या. आठ महिन्यांच्या बाळाला दिवसभर काय दिसतं ते कळेल: थेट डोळ्यांत घुसणारा उघडा दिवा, टेबलाखाली वर आलेलं खिळ्याचं टोक, कपाटाखाली सरकलेलं शर्टाचं बटण.

सामान फार लागत नाही. मोजपट्टी, कागदी चिकटपट्टी, चार मोठी खोकी, मार्कर, फोनचा कॅमेरा आणि टॉयलेट पेपर संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी. पाळणाघराला तुमच्याकडे नोंदणी किंवा परवाना लागत असेल, तर एका मुलामागे किती मोकळी जागा हवी हा नियमही आत्ताच वाचून ठेवा. अनेक ठिकाणी ही जागा फर्निचर वगळून मोजतात. म्हणजे एक जास्तीचं कपाट आणलं की कागदावर एक मूल कमी होऊ शकतं.

टप्पा १: खोली पूर्ण रिकामी करा

मुलं येणार नाहीत असे सलग दोन दिवस काढा. सगळं सामान बाहेर, सतरंजीसकट. 'आहे तिथेच जरा आवरून घेऊ' ही इथली सगळ्यांत मोठी चूक. आहे तिथे आवरताना आपण वस्तू फक्त सरळ करतो, काढत काहीच नाही.

चार खोक्यांवर नावं घाला: ठेवायचं, पाळीने काढायचं, दुरुस्ती, या खोलीत नको. वस्तू हातात घेतली की दहा सेकंदांत ती कुठल्या तरी खोक्यात गेलीच पाहिजे. एक तुकडा हरवलेलं कोडं 'दुरुस्ती'त टाका. आठवड्यात तुकडा सापडला नाही तर कोडं निकालात. आई-बाबांनी प्रेमाने आणून दिलेलं पण मुलं ढुंकूनही बघत नाहीत असं खेळणं 'पाळीने' मध्ये. आणि जी वस्तू दिसली की तुमच्या तोंडून दिवसाला चार वेळा 'नको, ठेव ते' निघतं, ती चौथ्या खोक्यात. मुलाला रोज नाही म्हणण्यापेक्षा वस्तूला एकदाच नाही म्हणा.

बटण दाबलं की गाणारी, लुकलुकणारी खेळणी मी जवळजवळ सगळी काढली. एका मुलाच्या घरात ती चालून जातात. सहा मुलांच्या खोलीत एक गायला लागलं की बाकीच्या पाच जणांचा खेळ तिथेच थांबतो.

ठेवायच्या खोक्यात काही जाण्याआधी नळीची चाचणी घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी कारखान्यात जे तपासणीचं नळकांडं वापरतात त्याचा व्यास ३.१७ सेंटीमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकू शकतो. पुठ्ठ्याची नळी साधारण चार सेंटीमीटरची, म्हणजे जरा जास्तच कडक. त्यामुळे घरच्यासाठी उत्तम. नळीतून जे आरपार जातं ते लहान मुलांच्या खोलीतून बाहेर. चेंडूला मात्र ही चाचणी पुरत नाही, कारण गोल वस्तू घसा पूर्ण बंद करते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी चेंडूचा व्यास साडेचार सेंटीमीटरपेक्षा मोठा असलेला बरा.

सावध: चार वस्तूंना नळीतही घालून बघू नका, थेट बाहेर काढा. नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या, म्हणजे स्क्रूने बंद न होणाऱ्या कप्प्यात अशी बॅटरी असलेलं कोणतंही खेळणं किंवा रिमोट. ती गिळून अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. शंका जरी आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं. सुटी लोहचुंबकं: दोन गिळली तर आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना चिकटतात. पाण्यात फुगणारे जेलचे मणी: ते पोटातही फुगतात. आणि रबरी फुगे, फुटलेले तर नक्कीच.

टप्पा २: रिकाम्या खोलीत गुडघ्यांवर फिरा

फर्निचर परत आणायच्या आधीच हे करायचं, कारण नंतर भिंतीपर्यंत हात पोचत नाही. एक फेरी रांगत, एक फेरी गुडघ्यांवर उभं राहून. पहिल्या फेरीत खालचे प्लग, वायरी, फरशीचे उचकटलेले कोपरे, दाराच्या बिजागरीकडची बोट चिरडणारी फट. दुसऱ्या फेरीत टेबलक्लॉथचं लोंबणारं टोक, खिडकीची कडी, पडद्याच्या किंवा पट्ट्यांच्या ब्लाइंडच्या दोऱ्या. लोंबती दोरी गळ्याभोवती बसायला क्षणही पुरतो. ती कापून किंवा उंच खुंटीला गुंडाळून ठेवा. ओढायच्या गाडीलाही वीतभरापेक्षा लांब दोरी नको.

जे फर्निचर परत येणार आहे ते, टप्पा ३ मध्ये जागा पक्की झाली की, एल-पट्टी आणि स्क्रूने भिंतीला बांधा. बुटकं कपाटसुद्धा बांधा. मूल खालचा खण उघडून त्याची पायरी करतं, वजन पुढे येतं आणि कपाट त्याच्या अंगावर येतं. नुकती धरून उभी राहणारी बाळं तर हाताला लागेल त्याला लोंबकळतात, म्हणून हलकी स्टुलं या खोलीत अजिबात नकोत.

तपासा: प्रत्येक बांधलेल्या वस्तूच्या वरच्या कडेला दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे जोरात ओढा. करकरली तरी चालेल, हलली तर पुन्हा बांधा.

खोलीला लागून न्हाणीघर असेल तर भरलेली बादली तिथे ठेवू नका आणि दाराला वरून कडी लावा. वाकून डोकं खाली गेलेल्या लहान मुलाला वीतभर पाणीही फार होतं.

टप्पा ३: जमिनीवर आधी वाटा आखा, मग कोपरे

या टप्प्यावर वेळ घालवा. खोली शांत राहणार की नाही ते बरंचसं इथेच ठरतं.

सगळं फर्निचर भिंतींना चिकटवायचं आणि मधली जागा मोकळी ठेवायची, ही आपली सवय. मोठ्यांच्या नजरेला मोकळं, प्रशस्त दिसतं. मुलांना तिथे धावपट्टी दिसते. मोकळी सरळ जागा दिसली की दोन-तीन वर्षांचं मूल पळतं, त्यात त्याचा खट्याळपणा काही नाही. 'पळू नका' हे वाक्य दिवसाला दहा वेळा म्हणावं लागत असेल तर खोली त्यांना पळा म्हणून सांगते आहे असं समजा.

कागदी चिकटपट्टी घ्या आणि जमिनीवर आधी चालायची वाट आखा: दारापासून न्हाणीघराकडे, दारापासून खिडकीकडे. दोन मुलं समोरासमोर आली तर अडू नयेत इतकी रुंद, साधारण तीन फूट. वाट थोडी वळवा. वळणावर पाय आपोआप मंदावतात. वाटेच्या बाजूला जे तुकडे उरतील ते तुमचे खेळायचे कोपरे. लहान खोलीत चार खूप झाले. पाचवा काढायचा मोह होईल, आवरा.

कोपरे लावताना हे धरून चला:

ठोकळे आणि गाड्या वाटेपासून लांब, दोन बाजूंनी बंद अशा जागी. आवाजाची जागा आणि पुस्तकांची जागा खोलीच्या दोन विरुद्ध टोकांना. रंग, माती, पाणी असं माखायचं काम न्हाणीघराजवळ आणि पुसता येणाऱ्या फरशीवर. भातुकली ठोकळ्यांच्या शेजारी चालते, कारण ठोकळे बघता बघता तिकडे जेवण होऊन जातात आणि ते होऊ द्यावं. रांगणाऱ्या बाळांची जागा मोठ्यांच्या वाटेत कधीच नको. तिला एक खरीखुरी कड हवी, चिकटपट्टीची नव्हे. बुटका कठडा किंवा आडवं ठेवलेलं बांधलेलं रॅक चालतं.

कोपरे एकमेकांपासून वेगळे करायला उंच कपाट उभं करू नका. मधली फळी साठ-सत्तर सेंटीमीटरच्या वर गेली की पलीकडचं मूल तुम्हाला दिसेनासं होतं. बुटकं रॅक, जाड सतरंजीची कड, जमिनीवरच्या रंगाचा बदल, इतक्यावर मुलांना जागा कळते.

तपासा: तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ जिथे बसता तिथे जमिनीवर बसा. तिथून प्रत्येक कोपऱ्यातल्या मुलाचा चेहरा दिसला पाहिजे. एक जरी कोपरा पाठमोरा येत असेल तर कोपरा नाही, तुमची बसायची जागा आधी बदलून बघा.

चिकटपट्टी तशीच राहू द्या आणि एक दिवस त्या आखणीवर स्वतः चाला. हातात बाळ घेतल्यासारखं, दुसऱ्या हाताने कोणाला तरी शी-शूला नेल्यासारखं. अडखळलात तर आत्ताच बदला. रॅक बांधल्यावर बदलवत नाही.

टप्पा ४: आवाज, उजेड, भिंती

रिकाम्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. मागे 'टण्ण' असा शेपटासारखा आवाज राहिला तर खोली घुमते. अशा खोलीत सहा मुलांचं साधं बोलणंही गोंगाट होतं, मग प्रत्येकजण आपलं ऐकू जावं म्हणून जास्त ओरडतो, आणि दुपारी चारपर्यंत तुमचं डोकं उठतं. इलाज साधा आहे: जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जाड कापडी पडदा, एका भिंतीवर पुस्तकांची फळी किंवा कापड. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवा. ठोकळ्यांखाली चटई घाला. पुन्हा टाळी वाजवा, फरक कानाला कळतो.

एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया वापरत असाल तर कडेचे दातेरी तुकडे आधी काढून टाका. दात येणारी बाळं तिथेच चावतात आणि तुकडा तोंडात जातो.

मागे टीव्ही किंवा गाणी लावून ठेवायची सवय असेल तर मोडा. संगीत ऐकायचं तर बसून, मिळून, दहा मिनिटं. दिवसभर वाजणारं गाणं मुलांना ऐकू येत नाही, आपल्याला त्यांचं ऐकू येत नाही, एवढंच होतं.

उजेड खिडकीचा असेल तर उत्तम. वरचा दिवा उघडा असेल तर त्याला दुधी काच किंवा शेड घाला, म्हणजे उताणं पडलेल्या बाळाच्या डोळ्यांवर येत नाही. पुस्तकांच्या कोपऱ्यात भिंतीवर, मुलाच्या हाताला न लागणारा एक मंद दिवा पुरतो.

भिंतींबद्दल माझं मत बऱ्याच जणींना पटत नाही. २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात बालवर्गातल्या चोवीस मुलांवर एक प्रयोग झाला. तीच मुलं काही धडे चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात शिकली, काही उघड्या भिंतींच्या वर्गात. भरलेल्या वर्गात त्यांचं लक्ष जास्त उडालं आणि शिकलेलं कमी राहिलं. पाळणाघर म्हणजे वर्ग नव्हे, हे मान्य. पण डोळ्यांना विसावा तिथेही लागतो. तीन भिंती साध्या ठेवा, एकच रंग, फिका. चौथ्या भिंतीवर मुलांची स्वतःची चित्रं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एका वेळी पाच-सहा. छताजवळ लावलेली अक्षरमाला फक्त आई-बाबांना दिसते.

टप्पा ५: फळ्या आणि टोपल्या

आता सामान परत येऊ द्या. 'ठेवायचं' खोकं एवढंच.

झाकणाचा मोठा डबा ही पाळणाघरांतली सर्वांत खपणारी आणि सर्वांत निरुपयोगी वस्तू. माझ्याकडे एक दोन वर्षांचा मुलगा रोज सकाळी आला की तडक तो डबा उचलून उपडा करायचा. सगळं जमिनीवर, आणि स्वतः रिकाम्या डब्यात जाऊन बसायचा. मी त्याला हट्टी समजत होते. एक दिवस त्याच्या शेजारी बसून नीट बघितलं. त्याला तळाशी असलेली निळी बस हवी होती. ती वरून दिसत नव्हती, हात पोचत नव्हता, म्हणून सगळं ओतणं हाच एक मार्ग होता. बस एका उघड्या फळीवर ठेवल्यावर तो आल्या आल्या बस घ्यायचा आणि जायचा. डब्यात बसणं चालूच राहिलं, ते वेगळं.

म्हणून खोल डबे नको, उथळ टोपल्या आणि उघड्या फळ्या. फळ्या दोनच थर, वरची फळी मुलाच्या छातीच्या वर जाऊ नये. जड वस्तू खालच्या थरावर. एका टोपलीत एकाच प्रकारची वस्तू, आणि टोपली अर्धीच भरलेली. तळ दिसला पाहिजे. काठोकाठ भरलेल्या टोपलीत परत ठेवायला जागाच नसते. दोन टोपल्यांच्या मध्ये एक टोपली मावेल इतकी मोकळी फळी सोडा. ही रिकामी जागा बघून तुम्हाला काहीतरी आणावंसं वाटेल. आणू नका.

प्रत्येक टोपलीतल्या वस्तूचा फोटो काढा. खऱ्या वस्तूचा, साध्या पांढऱ्या कागदावर ठेवून. त्याच्या दोन प्रती: एक टोपलीवर, एक फळीवर त्या जागेवर. मुलाला वाचता येत नसलं तरी फोटोवर फोटो ठेवता येतो. चित्र काढून लावलं तर दीड वर्षाच्या मुलाला ते नेहमीच कळतं असं नाही. गाड्यांसाठी मी फळीवर चिकटपट्टीचे गाडीएवढे चौकोन आखले. परत लावायची वेळ झाली की त्याला 'पार्किंग' म्हणतात आणि पोरं धक्काबुक्की करून आवरतात. शांतता म्हणावी असं ते नसतं, पण गाड्या जागेवर जातात.

किती खेळणी मांडायची? २०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या छत्तीस मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन खेळू दिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. हा एका मुलाचा हिशेब. पाळणाघरात मी मुलांच्या संख्येच्या दुप्पट टोपल्या धरते, वर दोन. सहा मुलं, चौदा टोपल्या. बाकी सगळं 'पाळीने' मध्ये, कुलूपबंद.

चूक: वेगवेगळी खेळणी एकेक आणणं. दोन वर्षांची मुलं शेजारी शेजारी बसून तेच खेळतात आणि दुसऱ्याच्या हातातलं तेच हवं असतं. दहा वेगळ्या गाड्यांपेक्षा चार एकसारख्या गाड्या भांडणं जास्त मिटवतात. बाहुली, फोन, झाडू, बादली या वस्तू निदान दोन-दोन ठेवा.

तीनच्या पुढच्या मुलांचे बारीक तुकड्यांचे खेळ हवे असतातच. ते उंच फळीवर, झाकणाच्या डब्यात, आणि टेबलावरच खेळायचे. लहान झोपली असताना काढायचे. झाकण इथे कामाचं आहे, कारण ते उघडणारे तुम्ही आहात.

टप्पा ६: एकटं बसायची जागा

सहा मुलांच्या खोलीत प्रत्येकाला कधी ना कधी कोणीच नको असतं. तशी जागा नसली तर मूल ती स्वतः शोधतं: टेबलाखाली, पडद्यामागे, दाराच्या फटीत. नकाशावरचे गोल आठवा. ते जिथे पडले होते तिथेच शांत कोपरा करा, तुम्हाला सोयीची वाटते तिथे नको.

जागा एका मुलापुरती, फार तर दोघांची. तीन बाजूंनी थोडी झाकलेली, वरून आणि समोरून तुम्हाला दिसणारी. खाली पातळ गादी, टेकायला एक लोड, तीन पुस्तकं, एक मऊ प्राणी. खेळणी नकोत. डोक्यावर कापड ताणायचं असेल तर दिव्यापासून लांब आणि ओढलं तर सुटून हातात येईल असं.

चावणाऱ्या, मारणाऱ्या मुलाला इथे पाठवू नका. एकदा जरी हा कोपरा शिक्षेचा झाला की कोणी आपण होऊन तिथे जाणार नाही. रडणाऱ्याबरोबर तुम्ही जाऊन बसा, ते चालतं.

सावध: वर्षाखालचं बाळ इथे झोपलं तर उचलून त्याच्या पाळण्यात किंवा कडक, सपाट गादीवर न्या. उताणं झोपवा, उशी, लोड, मऊ खेळणं, सुटं पांघरूण जवळ नको.

टप्पा ७: मुलांना खोली एका दमात दाखवू नका

रविवारी रात्री सजवलेली खोली सोमवारी सगळ्यांना एकदम उघडून द्यायची हौस असते. अकरा वाजेपर्यंत सगळं जमिनीवर येतं आणि आपण म्हणतो, 'मुलांना काही किंमतच नाही.'

पहिल्या दिवशी दोनच कोपरे उघडे ठेवा, बाकीच्या फळ्यांवर चादर टाका. दोघा-तिघांना घेऊन एका कोपऱ्यात बसा. टोपली काढा, खेळा, परत नेऊन फोटोवर ठेवा, न बोलता. हे दोनदा केलं की तिसऱ्यांदा त्यातलं एखादं मूल स्वतःच ठेवतं. चौथ्या दिवशी तिसरा कोपरा. आठवड्याअखेर सगळे.

आवरायची हाक देण्याआधी पाच मिनिटं सांगा. मग काम वाटून द्या. 'आवरा रे' म्हटल्यावर कोणीच हलत नाही, कारण ते कोणालाच सांगितलेलं नसतं. 'तू लाल ठोकळे टोपलीत टाक, तू गाड्या पार्क कर' म्हटलं की हात चालतात. दीड वर्षाच्या मुलाच्या हातात एकच वस्तू द्या आणि फोटो दाखवा. अर्धवट मनोरा मोडायचा नसेल तर त्याभोवती चिकटपट्टीचा चौकोन काढा. जेवणानंतर तो तसाच सापडेल याची खात्री असली की मूल उठतं.

तपासा: आवरून झाल्यावर तुम्हाला स्वतःला किती वस्तू ठेवाव्या लागल्या ते मोजा. आठवड्यानंतरही दहाच्या वर असतील तर टोपल्या जास्त आहेत. तीन काढा.

टप्पा ८: रोजचं आणि आठवड्याचं

एक झाकणाची बादली उंचावर ठेवा. ज्याच्या तोंडात खेळणं गेलं ते हातातून सुटलं की लगेच बादलीत. दुसऱ्याने ते घेण्याची वाट बघायची नाही. संध्याकाळी बादलीतलं सगळं साबणाच्या पाण्याने धुवा, खळबळा, मग जंतुनाशक लावायचं तर लावा आणि हवेवर वाळू द्या. मळावर थेट जंतुनाशक टाकलं तर त्याचा असर कमी होतो. बाटलीवर जितकी मिनिटं ओलं ठेवायला सांगितलं आहे तितकी ठेवा. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही साफ करायचं द्रव्य मिसळू नका, विषारी वायू होतो.

दर एक-दोन आठवड्यांनी तीन-चार टोपल्या बदला, सगळ्या नाही. जिच्याशी पाच दिवसांत कोणी खेळलं नाही ती आधी जाते. जिच्यावर मुलं अजून खेळत आहेत ती तुम्हाला कंटाळवाणी झाली म्हणून काढू नका. लहान मुलाला आवडती टोपली रोज त्याच जागी लागते. त्याच दिवशी नळी घेऊन तुटलेले तुकडे, सैल झालेले डोळे-बटणं, उसवलेली शिवण बघून टाका.

तरी बिघडलं तर

ठरावीक वेळी रोज गोंगाट होत असेल तर खोलीकडे नव्हे, घड्याळाकडे बघा. जेवणाआधीचा अर्धा तास भुकेचा असतो; त्या वेळी ठोकळे बंद, पाणी किंवा माती चालू.

एकाच कोपऱ्यात सगळी गर्दी करत असतील तर तो कोपरा लहान पडतो आहे किंवा बाकीचे फिके आहेत. आधी त्या कोपऱ्यातली एक टोपली शेजारच्या कोपऱ्यात हलवा. मुलं टोपलीमागे जातात.

फळीवर चढत असतील तर चढायला दुसरं काही नाही म्हणून. जमिनीवर एक जाड गादी, त्यावर उडी मारायला एक भक्कम बुटकी पेटी, आणि तुम्ही जवळ. फळी दोन दिवसांत सुटते.

आणि एखादं मूल येऊन अर्धा तास नुसतं दारात उभं राहत असेल तर त्याला ओढून खेळात नेऊ नका. दाराजवळ, वाटेच्या बाहेर, एक छोटी चटई आणि एक टोपली ठेवा. माझ्याकडची एक मुलगी तीन आठवडे त्या चटईवरून सगळ्यांना बघत बसली. चौथ्या आठवड्यात ती टोपली उचलून आत घेऊन गेली, आणि दुपारी परत चटईवर आणून ठेवली.